अनुभव धागा : जागेवरचं आरक्षण, रस्ता रुंदीकरण, नोटीस... तुमच्या दारापर्यंत काय आलं?

गोदाकाठ
आपल्या नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवरून 2025 च्या नोव्हेंबरात रान पेटलं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी सतराशे-अठराशे झाडं जाणार म्हणून. तेव्हापासून आजोबांचा झोन दाखला (जागेवर कसलं आरक्षण आहे ते सांगणारा कागद) डोक्यातून जात नाही. 1993 चा शहर विकास आराखडा, आणि आमच्या मळ्याच्या बरोबर मधोमध 'खेळाचे मैदान'. द्राक्षं तशीच उभी, पण बँक कर्ज देईना, काकांना घर बांधता येईना. आजोबा पाहुण्यांना बांधावर नेऊन सांगायचे, "हे बघा, इथं गोल पोस्ट." मैदान काही आलं नाही, आजोबा मात्र गेले. तुमचंही लिहा.

टेकू
जुनं नाशिक. दर मे महिन्यात दारावर 'धोकादायक वाडा' नोटीस. यंदाची चिकटवणाऱ्याने गेल्या वर्षीच्या नोटिशीवरच चिकटवली, खळ पण ओली होती. मालक म्हणतो सोडा, भाडेकरू म्हणतो आधी नव्या बांधकामात जागा लिहून द्या. पावसाळाभर माजघरात छताला टेकूच्या बल्ल्या. कपडे वाळवायला बऱ्या पडतात.

सिडकोची पोरगी
@टेकू 😂 आमच्याकडे उलटं. सिडकोने बांधून दिलेलं मूळ घर एवढंसं, आता गल्लीत सगळ्यांचे मजल्यावर मजले. मधूनच 'वाढीव बांधकाम पाडणार' अशी हाकाटी उठते. मग निवडणूक येते. मग सगळं शांत.

कपाटग्रस्त
कपाट!! ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. बिल्डरने एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात, न धरलेली कपाटाची जागा खोलीत घेतली, आम्ही 'हॉल मोठा आहे हो' म्हणून खूश. मग पूर्णत्वाचा दाखला अडकला. त्यावर तोडगा काय, तर सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यावरच्यांनी दोन्ही बाजूंनी जागा सोडून रस्ता नऊ मीटर करायचा, मग टीडीआर, म्हणजे विकत घेतलेला जादा बांधकाम हक्क, बसवायचा. समोरच्या बंगल्यातले काका म्हणाले, माझी जास्वंद का काढू तुमच्या कपाटासाठी? बरोबरच होतं त्यांचं. वास्तुशांत झाली, दाखला नंतर. कुकर झालाय, येते.

मळेकरी
मखमलाबाद-हनुमानवाडीच्या मळ्यांवरची ग्रीनफिल्ड टीपी, म्हणजे नगररचना योजना, आठवते का कुणाला? स्मार्ट सिटीवाली. बैठकीला गेलो की पडद्यावर सायकल ट्रॅक अन् झाडं. आमच्या भावकीतली म्हातारी उठून म्हणाली, "झाडं आहेत की, तीच काढून हीच लावणार का?" आमची जमीन घ्यायची, कमी करून आम्हालाच परत द्यायची, वर विकास म्हणायचं.
पण खरं सांगू का, निम्मे शेतकरी मनातून तयार होते. भाव येणार म्हणून. ते कुणी माईकवर बोललं नाही.

गंगेवरचा
विकासावरून आठवलं, 2008 च्या गोदावरीच्या पुरात काठावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसेनाशी झाली होती, सराफ बाजारात पाणी. त्यानंतर पुराची निळी रेषा, लाल रेषा सगळ्यांना पाठ. ज्यांचे प्लॉट निळ्या रेषेत गेले त्यांचे हाल. पण गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पात्रात काँक्रीट ओतलं तेव्हा कुठली रेषा आडवी आली नाही.

उंटवाडीकर
मायको सर्कलच्या पुलात आमचा जुना वड जाणार होता. 2022 मध्ये लोक रस्त्यावर आले म्हणून वाचला. पण गंगापूर रोडला रस्त्याच्या मधोमध उभ्या झाडावर रात्री गाडी आदळून आमच्या ओळखीतला पोरगा गेलाय. त्यामुळे सरसकट 'झाड वाचवा' माझ्या तोंडून निघत नाही.

सिडकोची पोरगी
@उंटवाडीकर वाईट वाटलं वाचून 🙏

नवीन सभासद
गंगापूर रोडलाच प्लॉट बघतोय. सातबारा कोरा आहे. म्हणजे आरक्षण नाही ना?

गोदाकाठ
@नवीन सभासद थांबा!! आरक्षण सातबाऱ्यावर बघून चालत नाही. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा काढा, गट नंबर टाकून. विसार त्यानंतर.

कपाटग्रस्त
आणि समोरचा रस्ता स्वतः टेपने मोजा. ब्रोकरचा नऊ मीटर सहा भरतो.

नवीन सभासद
ब्रोकर म्हणतो आरक्षण असलं तरी नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस दिली की उडतं?

मळेकरी
ब्रोकरला म्हणा मग तूच घे. आराखड्याला दहा वर्षं व्हावी लागतात, मग मालकाने नोटीस द्यायची, मुदतीत संपादनाची हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे उठलं. 2017 चा आराखडा आहे, हिशोब करा. तोवर हप्ते कोण भरणार?

टेकू
आमच्याकडे या राहायला. फक्त बल्लीला धक्का लावू नका.