शिकवलं, कामाला लावलं... मग पुढे? तुमचे अनुभव सांगा

मुलांना शिकवणारे, त्यांना कामाला लावणारे, त्यांच्या घरच्यांशी बोलणारे आणि स्वतः अशा उपक्रमांतून गेलेले, सगळ्यांसाठी हा धागा. अहवालात नावनोंदणीचा आकडा ठळक असतो. सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले, हा रकाना बहुतेकदा नसतोच. मला तोच ऐकायचाय. फसलेलंही लिहा, किंबहुना तेच आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी संध्याकाळी गणित शिकवायचे. पंधरा वर्षांच्या एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. वर वर, खाली खाली बेरीज! चूक म्हणून खोडण्याऐवजी कागदाची पट्टी दुमडून तिच्या हातात दिली. म्हटलं, "ही अर्धी. यात अजून थोडी घातली, तर अर्ध्याहून कमी कशी होईल?" ती पट्टीकडे बघत राहिली, मग स्वतःच सहा भाग पाडले. तीन आणि दोन, पाच. "५/६!" मी खूश. पंधरा दिवसांनी तिचं येणं बंद.

गोडी संपली असेल, असं मी खुशाल धरून चालले. घरी गेल्यावर कळलं, आईची कामाची पाळी संध्याकाळची झाली होती आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. "त्याला घेऊनच ये" हे सांगायला मला महिना लागला. तो कोपऱ्यात खडूने फरशी रंगवायचा, ती गणितं सोडवायची.

*

मी वर्कशॉपमध्ये शिकवतो. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून घडवणाऱ्या मशीनवर, पहिला धडा चकच्या चावीचा. चक म्हणजे तो तुकडा पकडणारा भाग, चावीने तो आवळायचा. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती कुणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही. म्हणून चावी एकतर हातात, नाहीतर तिच्या जागेवर. चकमध्ये ठेवून हात काढायचाच नाही.

एक मुलगा शाळेत दशांशावर अडकलेला. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात आला आणि सूर सापडला. मुख्य पट्टीवर २४, खालच्या सरकत्या पट्टीची सतरावी रेघ जुळली, एका रेघेमागे ०.०२, म्हणजे २४.३४ मिलिमीटर. "सर, हे तेच दशांश का?" म्हटलं, तेच, फक्त इथे चुकलं की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, वाया जातो. वर्गात सगळ्यांत अचूक मोजायला लागला. मीच कामाला लावला.

अकराव्या दिवशी जाणं बंद. कामात खोट नव्हती. वीस मिनिटं उशीर होणार होता. आता काढूनच टाकतील, असं वाटून तो अर्ध्या वाटेतून घरी परतला आणि पुन्हा गेलाच नाही. फोन करून "उशीर होतोय, येतोय" म्हणता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. व्हर्नियर शिकवला, फोन राहिला.

आता शेवटचे दोन दिवस फक्त हाच सराव. उशीर कळवायचा, रजा मागायची, काम समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. मुलं हसतात. हसू देत.

*

पालक म्हणून लिहिते. सभा सकाळी अकराला, कामाच्या दिवशी. गेलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, नाही गेलं तर "पालकांना आस्था नाही". शिवाय तिथे कागद हातात देऊन "वाचून सही करा". मला वाचता येत नाही. दर वेळी चष्मा विसरल्याचं सांगायचे. एका ताईंनी कुणालाही न विचारता तो कागद सगळ्यांसाठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तेव्हापासून माझा चष्मा विसरत नाही.

*

मी त्या "शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नाही" गटातला. फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं मी लोळत पडलो होतो. आजी अंथरुणाला खिळली होती. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. त्याला रकाना नाही.

ती गेल्यावर प्रशिक्षणाला गेलो तर वय पंचवीस. चोवीसच्या पुढे प्रवेश नाही. तरुण म्हणजे १५ ते २४ ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांची, १९८५च्या युवा वर्षाच्या वेळची, आणि ती मोजणीच्या सोयीसाठी. देशांना वेगळी ठरवायची मुभा आहे. तरी लोकांनी तिचं फाटक करून टाकलंय. मला शेवटी एका वायरमनकाकांनी हाताखाली घेतलं. त्यांनी वय विचारलं नाही, "उद्यापासून येशील ना?" एवढंच विचारलं.

*

वर्कशॉपवाले सर, त्या मुलाचं पुढे काय झालं?

*

तिथे परत गेला नाही, लाज वाटली. मी घरी जाऊन फोनचं समजावलं आणि दुसरीकडे लावला. पहिल्याच आठवड्यात मला फोन, "सर, वीस मिनिटं उशीर होतोय." म्हटलं, अरे मला काय सांगतोस, तिथे कळव! म्हणाला, "तिथे आधीच कळवलंय. तुम्हाला आपलं सांगितलं."