मदत हवी आहे: मे महिन्यात मुलांना घेऊन कुठे जायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. लेक ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दोघंही घरीच शिकतात. ("मग यांना सुट्टी कसली गं?" इति सासूबाई.) एरवी मंगळवारी वगैरे गेलं की राणीची बाग निवांत बघता येते. मेमध्ये मात्र सगळीकडे गर्दी, वर घामाच्या धारा.

परवा कान्हेरीच्या लेण्यांना पोचायला ११ वाजले. कातळ इतका तापला होता की टेकायची सोय नाही. तरी पाण्याच्या पोढी (कातळात कोरलेली टाकी) बघून दोघं तिथेच अडकले: डोंगरावर पाणी आलं कुठून, नळ कुठाय?

आता किनाऱ्यावर जायचं मनात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहाच्या सुमाराला चांगली ओहोटी असते, तेव्हा खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख दिसतात. लहान मुलांसाठी गिरगाव बरं, हाजी अली की जुहू? शेवाळावरून घसरायची मला फार धास्ती आहे. चप्पल कुठली घालता?

शिवाय दुपारी सावलीत बसून काही करता येईल अशी जागा सुचवा. नेहरू विज्ञान केंद्र दोनदा झालंय. सोबत यायला कुणी तयार असेल तर फारच उत्तम, मुलांना एकमेकांचा कंटाळा आलाय.