नाव नसलेले तीन फ्रॅग: ओळख, डिप आणि जागा

खारंपाणी
नावाची चिठ्ठी नसलेले तीन फ्रॅग (कोरलचे तोडलेले तुकडे) सध्या वेगळ्या डब्यात ठेवले आहेत.

१. चार सेंमीची तपकिरी काडी. पॉलिप (कोरलचे एकेक छोटे जीव) बारीक, टोक फिकट.
२. प्लगवर (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) जाड चटईसारखा थर, त्यावर हिरवट तबकड्या, कडेने आखूड स्पर्शिका. थरात वाळूचे कण दिसतात.
३. कठीण देठ, वर लांब मांसल स्पर्शिका. प्रत्येक स्पर्शिकेला बारीक फाटे, फाट्यांची टोकं गोल.

टँक १५० लिटरचा, आठ महिन्यांचा. सॅलिनिटी ३५ पीपीटी, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०५. पहिला अक्रोपोरा की मोंटिपोरा? डिप, म्हणजे किडे मारायच्या द्रावणातली बुडी, किती वेळ द्यायचा आणि कोणाला कुठे बसवायचं?

भिंगवाला
रंगावर जाऊ नका, तो प्रकाशाप्रमाणे बदलतो. दहापट भिंग घेऊन काडीचं टोक बघा. अक्रोपोराच्या टोकावर नळीसारखा एक ठळक कप (पॉलिप बसतो ती खोबण) असतो आणि बाजूचे कप त्याच्याभोवती रचलेले असतात. मोंटिपोरात असा टोकाचा कप नसतो. सगळे कप छोटे, पृष्ठभागात बुडालेले. टोक फिकट असणं बहुतेकदा वाढीचं लक्षण, कारण नव्या ऊतीत रंग देणारं शैवाल कमी असतं. फिकट भागावर ऊती आणि पॉलिप आहेत ना, तेवढं पाहा. बुडाकडून पांढरं होत असेल तर मात्र ऊती सुटते आहे.

तिसरा फ्रॉगस्पॉन. त्याच्यासारख्याच टॉर्च कोरलची स्पर्शिका सरळ, बिनफाट्याची आणि टोकाला गोल. हॅमर कोरलच्या स्पर्शिकेचं टोक हातोडीसारखं किंवा जहाजाच्या नांगरासारखं. हे तिघे आखडलेले असताना नाव ठेवायची घाई नको, पूर्ण फुलल्यावरच ठरवा.

दुसरा पॅलिथोआ. हा अंगात वाळू रुतवून घेतो, त्याच्यासारखा दिसणारा झोअँथस घेत नाही.

शांत_लाट
दुसरा खरंच पॅलिथोआ असेल तर बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा. त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना बंद गॉगल घातल्याशिवाय हात लावू नका. ब्रशने खरवडू नका, कोरडा कापू नका. प्लग किंवा दगड साफ करायला उकळतं पाणी तर कधीच नको, वाफेसोबत विष श्वासात जातं. तोंडात कडू-धातूसारखी चव, धाप, स्नायूदुखी, ताप यातलं काही जाणवलं तर खोलीतून बाहेर पडा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. डोळ्यात थेंब गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्लगतोड्या
आता डिप. टँकचंच पाणी दोन भांड्यांत घ्या. पहिल्यात डिप, प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. बहुतेक डिप ५ ते १० मिनिटांचे असतात. अधूनमधून पिचकारीने काडीवर पाण्याचा झोत मारा. फ्रॉगस्पॉनच्या मांसल भागावर थेट झोत नको, त्याला देठाला धरूनच हलवा. दुसऱ्या भांड्यात खळबळून घ्या. डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

बहुतेकांची चूक पुढे होते. डिपने चालते-फिरते किडे मरतात, अंडी मरत नाहीत. मोंटिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँकची (छोट्या समुद्री गोगलगायीची) अंडी काडीच्या बुडाशी आणि प्लगच्या फटीत असतात. म्हणून काडी जुन्या प्लगवरून कटरने तोडून घ्या, प्लग फेका आणि नवीन प्लगवर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) वाटाण्याएवढा गोळा लावून बसवा. पॅलिथोआचा प्लग मात्र तसाच ठेवा, तिथे तोडफोडीचा धोका जास्त. दर ५ ते ७ दिवसांनी डिप पुन्हा, तीन-चार वेळा, आणि तोवर मुख्य टँकमध्ये नाही.

खारंपाणी
भिंगातून पाहिलं, टोकाला वेगळा कप नाही. म्हणजे मोंटिपोरा. जागेचं काय?

भिंगवाला
सुरुवात तिघांचीही तळाशी, ५० ते ८० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप). एकदम जास्त प्रकाश मिळाला तर ऊतीतलं शैवाल नको तितका ऑक्सिजन तयार करतं, त्याने पेशींना इजा होते आणि कोरल शैवालच बाहेर टाकतं. मग ते पांढरं पडतं. तीन-चार आठवड्यांत मोंटिपोराला हळूहळू २०० ते २५० पारपर्यंत वर न्या, फ्रॉगस्पॉनला आणि पॅलिथोआला १०० ते १५० पुरे.

मोंटिपोराला जोरकस, दिशा बदलणारा प्रवाह हवा. फ्रॉगस्पॉनच्या स्पर्शिका डुलल्या पाहिजेत, एका बाजूला चिकटून राहता कामा नयेत, नाहीतर सांगाड्याच्या कडेवर मांस फाटतं. रात्री तो लांब डंखाच्या स्पर्शिका सोडतो, चारी बाजूंनी १५ सेंमी मोकळं ठेवा.

पाण्याचे आकडे छान आहेत, ते हलवू नका. अल्कलिनिटी दिवसात ०.५ डीकेएचहून जास्त हलली तर पहिला त्रास काडीला होतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणून अल्कलिनिटी १० च्या वर नेली तर टोकं करपतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) मात्र साध्या आरओ पाण्याने नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या.