दहा महिन्यांच्या लेकीसाठी नाचणी-केळ्याची धिरडी मोडतात, मदत हवी आहे

ताई-वहिनींनो, आम्ही बेळगावात वडगावला राहतो. लेक आता भरवून घेत नाही, सगळं स्वतःच्या हातात धरून खायचं असतं तिला. म्हणून पिकलेलं केळं कुस्करून त्यात नाचणीचं पीठ आणि अंडं घालून तळहाताएवढी धिरडी करते. मीठ-साखर नाही, मध तर वर्षाच्या आत नकोच. चव छान येते, पण उलटताना मोडतात आणि मधे चिकट राहतात. नाचणीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ धरत नसणार हे कळतं. मग थोडी कणीक घालू की बारीक रवा? आणि किती? की बिडाचा तवाच जास्त तापतोय?

सासूबाई म्हणतात, उडदाची डाळ भिजवून आंबोळ्या कर. बरोबर आहे त्यांचं, पण कामावर जायच्या गडबडीत रोज भिजवणं-वाटणं कुठलं जमतंय!

श्रावणात आमच्या घरी अंडं चालत नाही. तेव्हा त्याऐवजी काय घालता? दही चालेल का? खानापूर-निपाणीकडे कुणी मोड आलेल्या नाचणीचं पीठ घरी करून विकत असेल तर तेही सांगा.