अमेरिकेतले नोकरीचे हक्क: देशभर एकच कायदा हवा की राज्यागणिक वेगळा?

एडिसनवासी
गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत कपात झाली. मी न्यू जर्सीत, मित्र टेक्ससच्या ऑफिसात. हुद्दा एकच, नोकरीही दोघांची ११ वर्षांची. इथल्या ऐंशी जणांना ९० दिवसांची नोटीस मिळाली, वर नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार. म्हणजे मला ११ आठवड्यांचा. एप्रिल २०२३ पासून न्यू जर्सीत तसा कायदाच आहे. मित्राला सकाळी फोन आला आणि दुपारी त्याचा लॅपटॉप जमा झाला. केंद्राचा १९८८ चा 'वॉर्न' कायदा ६० दिवसांची नोटीस द्यायला लावतो, पण एका ठिकाणची किमान ५० माणसं जात असतील तरच. त्याच्या ऑफिसातली तीस गेली.

तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. साठ दिवसांत नोकरी लागली नाही तर मुलीची शाळा अर्ध्यात सोडून परत जायचं. किमान हक्क तरी देशभर सारखे हवेत, असं माझं ठाम मत आहे.

डॅलसची खानावळ
असहमत. माझ्याकडे १२ माणसं कामाला आहेत. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच, आणि टेक्ससही तेच धरून चालतं. पण त्या पैशात इथे भांडी घासायलाही कुणी येत नाही, मी १५ देतो. उद्या सगळ्या देशाला १७ चा आकडा लावला तर सिॲटलमध्ये तो कुणाला जाणवणार नाही, मिसिसिपीतल्या गावातलं छोटं दुकान मात्र बसेल. किमान वेतनाचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १९१२ मध्ये केला, केंद्राने १९३८ मध्ये. आधी एखादं राज्य करून बघतं, मग देश उचलतो. हीच रीत बरी आहे.

सॅन होजेहून
दादा, किती वर्षांनी उचलतो? कॅलिफोर्नियात २००४ पासून बाळासाठी पगारी रजा आहे. केंद्राचा १९९३ चा कायदा अजूनही १२ आठवड्यांची बिनपगारी रजाच देतो, तीही किमान ५० माणसं असलेल्या कंपनीत. माझी नणंद ॲटलांटात बाळ पाच आठवड्यांचं असताना कामावर गेली. घराचा हप्ता थांबत नाही ना. दुपारी गाडीत बसून दूध काढायची आणि रडायची.

आणि वाढप्याचं बोला. टिप मिळून ७.२५ भरत असतील तर तुमच्याकडे मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतात, १९९१ पासून. इथे टिप वगळून पूर्ण वेतन द्यावं लागतं. टेक्ससमध्ये कामगार भरपाईचा विमाही मालकाच्या मर्जीवर आहे. तुमच्या आचाऱ्याचा हात भाजला तर?

डॅलसची खानावळ
भाजला होता. दोन वर्षांपूर्वी कढई कलंडली, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. मी विमा आपणहून घेतलेला होता म्हणून त्याचा खर्च निघाला. शेजारच्या दुकानाने घेतलेला नाही, तिथे असं झालं तर काय, हे मलाही सांगता येत नाही. विम्याच्या बाबतीत तुमचं मान्य, सक्ती हवी. रजेचं नाही. बारातला एक माणूस १२ आठवडे गेला तर त्याचा पगार मी कुठून काढू?

सॅन होजेहून
तो पगार मालक देतच नाही. आमच्या पगारातून दर वेळी थोडे पैसे राज्याच्या निधीत कापले जातात, रजेचे पैसे त्यातून येतात. तुम्हाला फक्त बदली माणूस बघावा लागेल. तेही सोपं नाही, कबूल.

शब्दवेल
इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या बाबतीत कायदा केंद्राचाच होता. एच-वन-बीवाल्याला प्रोजेक्ट नसला तरी पगार द्यावाच लागतो, आणि हे सगळ्या राज्यांत सारखं आहे. तरी माझ्या कन्सल्टन्सीने मला दोन महिने बिनपगारी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवलं. "व्हिसा आमच्या हातात आहे," एवढंच फोनवर सांगितलं. मी गप्प बसले. आता दहा महिने होत आले.

एडिसनवासी
शब्दवेल, बाकी वाद बाजूला. ही तक्रार १२ महिन्यांच्या आत करावी लागते, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत. केंद्राच्या कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म भरून द्यायचा, फी नाही. तक्रार केली म्हणून त्रास देणं कंपनीला कायद्याने मना आहे. त्या दोन महिन्यांचे ईमेल, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आज रात्रीच घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी आपण फॉर्म सोबत बसून भरू.