मदत हवी आहे: जिऑलॉजिकल मॅप (कुठे कोणता खडक ते दाखवणारा नकाशा) मुलांना कसा शिकवता?

नमस्कार मंडळी, कॉलेजात पहिल्या वर्षाला जिऑलॉजी शिकवते. मिनरल्सचं प्रॅक्टिकल छान होतं, कॅल्साइटवर डायल्यूट ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, क्वार्ट्झवर काहीच नाही, पोरं लगेच ओळखतात. पण मॅप आला की सगळे गप्प! तिरकी पाटी पाण्यात बुडवून पाण्याची रेघ म्हणजे स्ट्राइक (तिरक्या थरावरच्या आडव्या रेघेची दिशा) हे दाखवलं, ते पटलं. मॅपवर आडवे थर कंटूरला (सारख्या उंचीच्या रेघांना) समांतर जातात, उभा थर सरळ कापत जातो, इथपर्यंतही ठीक, पण तिरका थर दरी ओलांडताना मॅपवर व्ही आकार का करतो आणि टोक कधी अपस्ट्रीम कधी डाउनस्ट्रीम का, हे फळ्यावर कितीही काढलं तरी डोक्यात शिरत नाही. हातात धरता येईल असं दरीचं मॉडेल कोणी बनवलंय का, थर्माकोलचं की मातीचं? आणि सेक्शन (मॅपवरून काढलेला जमिनीचा उभा छेद) आधी काढायला लावता की नंतर? प्लीज सांगा, फील्डवर पोरं अडायला नकोत.