लेक सुपीरियरच्या काठाने एक आठवडा: तुमचे अनुभव सांगा

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियरच्या काठाने आठवडाभर गाडीने फिरायचं आणि वाटेत थांबून ट्रेल चालायचे, हा विषय मिडवेस्टातल्या मराठी घरांत उन्हाळा जवळ आला की निघतोच. नेटवर याद्या ढिगाने आहेत. पण त्यातला कुठला धबधबा सत्तरीच्या बाबांना झेपेल, कुठल्या पार्किंगसाठी भल्या सकाळी निघावं लागतं, शाकाहारी माणसाच्या जेवणाचं काय, हे तिथे सापडत नाही. ज्यांनी केलंय त्यांनाच ते माहीत असतं, म्हणून हा धागा. तुम्ही जो भाग फिरलात तेवढाच लिहा, पण नीट लिहा.

सुरुवात मी करते.

आधी आकार लक्षात घ्या. सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. पृष्ठभागाच्या हिशेबाने जगातलं सगळ्यांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. पूर्ण फेरी साधारण १,३०० मैलांची होते. आठवडाच हातात असेल तर माझं मत ठाम आहे: एकच किनारा निवडा आणि त्यात दोनच मुक्काम ठेवा. रोज सामान बांधा, चेक-आउट करा, यात सकाळ जाते, आणि ट्रेलला सकाळच लागते.

आमचा लाडका भाग मिनेसोटाचा नॉर्थ शोअर. डुलूथपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत हायवे ६१ साधारण १५० मैल आहे. उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला पाणी आणि वाटेत एकामागून एक स्टेट पार्क. डोंगरातून तळ्याकडे उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नदीवर धबधबा आहे. सह्याद्रीत फिरलेल्यांना इथला काळा कातळ लगेच ओळखीचा वाटेल. दोन्हीकडे लाव्हाच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि हा तब्बल ११० कोटी वर्षांपूर्वीचा. पहिला मुक्काम टेटेगूश स्टेट पार्कच्या आसपास आणि दुसरा ग्रँड मरेला ठेवला की सगळं टप्प्यात येतं.

एकच जागा निवडायची असेल तर मी जज मॅग्नी पार्कमधली डेव्हिल्स केटल निवडेन. ब्रूल नदी तिथे एका खडकाने दुभागते. एक धार सरळ खाली पडते, दुसरी एका रांजणात शिरते आणि दिसेनाशी होते. ते पाणी जातं कुठे, यावर लोकांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले. शेवटी मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने धबधब्याच्या वर आणि खाली नदीचा प्रवाह मोजला. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले. म्हणजे पाणी खालच्या खाली पुन्हा त्याच नदीला मिळतं. हे २०१७ साली जाहीर झालं. उत्तर माहीत असूनही त्या कठड्याशी उभं राहिल्यावर नजर रांजणातच अडकते. वाटेत दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्या येताना चढायच्या असतात हे आधीच सांगून ठेवते.

*

पायऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण फिरायची हौस दांडगी. त्यांच्यासोबत सर्वांत समाधानाची जागा ठरली गूसबेरी फॉल्स. व्हिजिटर सेंटरपासून मधल्या धबधब्यापर्यंत बऱ्यापैकी सपाट वाट आहे, व्हीलचेअरही जाते. दुसरी ग्रँड पोर्टेज पार्कमधला हाय फॉल्स. पिजन नदीचा हा १२० फुटी धबधबा मिनेसोटातला सर्वांत उंच, पलीकडचा काठ कॅनडाचा. अर्ध्या मैलाची पक्की वाट आणि पुढे लाकडी मार्ग, बसायला बाकं. पॅलिसेड हेडला तर गाडी थेट कड्याच्या माथ्यावर जाते. तिथे कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

स्प्लिट रॉक दीपगृह चुकवू नका. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या किनाऱ्यावर जहाजांची मोठी हानी झाली, त्यानंतर ते बांधलं आणि १९१० मध्ये दिवा लागला. आईंना पायऱ्या नको होत्या म्हणून आम्ही खालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाहिलं, आणि फोटोत नेहमी दिसतं ते दृश्य तिथलंच आहे. बरोबरच्या तरुण मंडळींना वर पाठवा, तुम्ही थर्मासमधला चहा काढा.

*

आम्ही मिशिगनवाले, त्यामुळे पिक्चर्ड रॉक्सची बाजू मांडायलाच हवी! अमेरिकेतला हा पहिला नॅशनल लेकशोअर, म्हणजे सरोवराचा राष्ट्रीय संरक्षित किनारा, १९६६ चा. म्युनिसिंगपासून ग्रँड मरेपर्यंत ४२ मैलांचा किनारा आणि त्यात दोनशे फुटांपर्यंत उंचीचे वालुकाश्माचे कडे. कड्यांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर खनिजं बाहेर येतात आणि ओघळ उमटतात: लोखंडाचा तांबडा-नारिंगी, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा काळा.

बोटीची फेरी दुपारनंतरची घ्या. कडे वायव्येकडे तोंड करून आहेत, सकाळी त्यांच्यावर सावली असते. उतरतं ऊन पडलं की रंग उजळतात. तिकिटं आधी काढा, पण फेरी आठवड्याच्या सुरुवातीच्या दिवशी धरा. वारा सुटला की बोटी रद्द होतात, मग पुढचे दिवस हातात राहतात. शेवटच्या दिवशी बोट ठेवून हिरमुसून परतलेली मंडळी आमच्या ओळखीत आहेत.

चालणाऱ्यांसाठी चॅपल लूप. साधारण दहा मैल, पूर्ण दिवस. आधी जंगल, मग चॅपल फॉल्स, मग चॅपल रॉक. या खडकाच्या माथ्यावर एक पाइन उभा आहे. त्याची मुळं एका नैसर्गिक कमानीवरून मुख्य जमिनीपर्यंत गेली होती. कमान कधीच कोसळली, मुळं मात्र हवेत तशीच ताणलेली आहेत आणि झाड त्यांच्यावर जगतंय. मी बराच वेळ तिथून हललो नाही. पुढचे काही मैल वाट कड्याच्या धारेने जाते, खाली हिरवंनिळं पाणी. पार्किंग लहान आहे आणि शेवटचा रस्ता कच्चा, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत पोचलेलं बरं.

पूर्व टोकाला लॉग स्लाइड आहे, तीनशे फुटी वाळूचा उतार. खाली उतरायला काही मिनिटं, वर यायला तास किंवा त्याहून जास्त लागतो. मुलं धावत सुटायच्या आधी त्यांना हे समजावून सांगा.

*

घाईत एकच मुद्दा. ग्रँड मरे नावाची दोन गावं आहेत, एक मिनेसोटात आणि एक मिशिगनमध्ये. धाग्यात वर दोन्ही आलीत. हॉटेल बुक करताना राज्य तपासा. दुसरं, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन सेंट्रल वेळेवर चालतात, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पाचा बहुतेक भाग आणि कॅनडातलं थंडर बे ईस्टर्नवर, म्हणजे एक तास पुढे. पश्चिमेकडून येऊन बोट पकडायची असेल तर हा एक तास हिशेबात धरा.

*

एकच किनारा निवडा, हे सुरुवातीचं मत मला पटत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. १,३०० मैल भागिले सात म्हणजे दिवसाला १८५ च्या आसपास, चार तासांचं ड्रायव्हिंग. दोघं चालवणारे असतील आणि जूनचा मोठा दिवस असेल तर रोज दोन-तीन तासांचा एक ट्रेल होतो. आम्ही पूर्ण फेरी केली ती कॅनडाच्या बाजूसाठी, आणि मला तरी तीच बाजू सगळ्यांत देखणी वाटली. हायवे १७ वर मैलोन्‌मैल वस्ती नाही. रस्ता वर चढतो, वळतो आणि समोर एकदम सगळं पाणी उघडतं.

तिथली माझी जागा अगावा रॉक. पाण्यातून सरळ उठलेल्या कड्यावर ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांनी गेरूने काढलेली चित्रं आहेत: नावा, माणसं, आणि मिशिपेशू हा त्यांच्या कथांतला पाण्यात राहणारा शिंगवाला बिबट्या. पाण्यालगतच्या तिरक्या कातळावर उभं राहून ती बघावी लागतात. धरायला दोर, साखळ्या आहेत, तरी तळं शांत असेल तेव्हाच उतरा. लाटा उठल्या असतील तर त्या दिवशी बेत सोडून द्या. दणकून चालणाऱ्यांनी थंडर बेजवळचा स्लीपिंग जायंट करावा, माथ्यावर जाऊन-येऊन २२ किलोमीटरच्या आसपास.

व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर एच-१बी असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही कॅनडाचा वेगळा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना हे पाहा. हे सगळं काही महिने आधी सुरू करा.

*

वरच्या प्रतिसादातलं गणित बरोबर आहे. तरीही नऊ-दहा वर्षांच्या मुलांसोबत रोज चार तास गाडीत बसायचं आणि मग ट्रेलही, हे जमत नाही. ज्याचं त्याचं कुटुंब पाहून ठरवावं.

मला पाण्याबद्दल कळकळीने सांगायचंय. किनारा दिसायला कोकणासारखा, वाळू पांढरी, पाणी नितळ, आणि मुलं सरळ आत शिरतात. हे पाणी वर्षभराच्या सरासरीने ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ऑगस्टमध्ये उथळ खाड्यांत पोहण्याइतकं होतं खरं, पण वारा फिरला की तळातलं गार पाणी वर येतं आणि तापमान झपाट्याने उतरतं. थंड पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकतो, चांगला पोहणाराही हतबल होतो. समुद्रासारखे आत ओढणारे प्रवाहही इथे असतात. लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापुरतंसुद्धा नको. मुलांना गोटे गोळा करायला बसवा. लाल-नारिंगी पट्ट्यांचे अ‍ॅगेट सापडले तर तासन्‌तास उठत नाहीत. मात्र पिक्चर्ड रॉक्समध्ये आणि मिनेसोटाच्या स्टेट पार्कांमध्ये दगड उचलून न्यायला मनाई आहे, तिथे बघायचे आणि परत ठेवायचे.

*

खाण्याचं लिहिते, कारण ते कोणीच लिहीत नाही. काठावरच्या गावांत स्मोक्ड फिश फार सुंदर मिळतो. मासे खाणाऱ्यांनी व्हाइटफिश आणि लेक ट्राउट सोडू नये. शाकाहारी असाल तर मात्र छोट्या गावांत रात्री आठनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका. किचन असलेली केबिन घ्या. आमच्याकडे छोटा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट आणि दोन दिवस पुरतील इतक्या दशम्या असतात. दिवसभर चालून आल्यावर गरम खिचडी आणि बाहेर लाटांचा आवाज, यापुढे कुठलंही रेस्टॉरंट मला नको असतं. मिशिगनमध्ये पॅस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी, जरूर खा. कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार ती डब्यात नेत. बऱ्याच दुकानांत भाज्यांची पॅस्टीही मिळते.

*

मी बहुतेक वेळा एकटी फिरते, म्हणून गर्दीपासून दूरचं सुचवते: मिशिगनमधलं किवनॉ द्वीपकल्प आणि पॉर्क्युपाइन माउंटन्स, म्हणजेच पॉर्कीज. पॉर्कीजमध्ये न तोडलेलं जुनं हेमलॉकचं जंगल आहे, आत शिरलं की उजेडच बदलतो. लेक ऑफ द क्लाउड्सचं दृश्य पार्किंगपासून दोन पावलांवर आहे, पण तिथूनच निघणाऱ्या एस्कार्पमेंट ट्रेलवर थोडं चाललात तरी गर्दी मागे राहते आणि तळं वेगवेगळ्या कोनांतून दिसत राहतं.

किवनॉच्या टोकाला कॉपर हार्बर. मायामीहून निघालेला हायवे ४१ सुमारे १,९९० मैल कापून इथल्या झाडीत संपतो. ब्रॉकवे माउंटनच्या रस्त्यावर सूर्यास्ताला जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. आकाश फार काळंभोर असतं. उतरताना हळू चालवा, हरणं रस्त्यावर येतात.

या भागात मोबाइलला रेंज नसते असं धरूनच चाला. नकाशे डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, आणि केबिनच्या मालकाला आज कुठला ट्रेल करतेय, किती वाजेपर्यंत परतेन, हे सांगून निघा. मी हे दर वेळी करते.

*

कधी जावं? मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात. डोक्यावर घालायची जाळी स्वस्त असते, न्या. धबधबे मात्र वसंतात, बर्फ वितळताना सर्वांत जोरात. मला सप्टेंबर आवडतो. डास गेलेले असतात आणि महिन्याच्या शेवटाला आतल्या डोंगरांवरचे मेपल लाल होतात. काठालगतचे बर्च आणि अ‍ॅस्पन थोडे मागाहून, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिवळे. नॉर्थ शोअरवर ओबर्ग माउंटनचा दोनेक मैलांचा लूप त्यासाठीच करावा. त्या दिवसांतल्या शनिवार-रविवारची खोली मात्र कित्येक महिने आधी घ्यावी लागते. आणि जुलैतही जाड जॅकेट न्या, आत गावात घाम आणि काठावर दात वाजताहेत असं हमखास होतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नेमकं लिहिलंत! विस्कॉन्सिनच्या अपोस्टल आयलंड्सबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. तिथल्या काठच्या कड्यांतल्या गुहा कायाकनेच, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीतूनच, बघाव्या लागतात का?

*

नाही, चालतही दिसतात. मायर्स बीचपासून कड्याच्या वरून लेकशोअर ट्रेल जातो, दोनेक मैलांवर गुहांच्या माथ्याशी पोचतो आणि खाली लाटा आत शिरताना ऐकू येतात. वाट चिखलाची असते, घोट्यावर येणारे बूट घाला. कायाक करायचीच असेल तर गाइडसोबत, वेटसूट घालून आणि सकाळी. बेफील्डहून मॅडेलिन आयलंडला फेरी जाते, गाडीसकट. तिथल्या बिग बे स्टेट पार्कमधला लाकडी मार्ग आई-बाबांना सहज जमेल. बेफील्डला सामान ठेवून दोन दिवसांत हे सगळं आरामात होतं, डुलूथपासून दोन तासांच्या आत आहे.